मुक्यांच्या मास्तराचा पगार

नूरी त्या दिवशी सगळ्यांत आधी माझ्याकडे आली होती.

एवढं एक वाक्य मी आजवर कुणापुढे बोललो नाही. बायकोपुढे नाही, हेडमास्तरांपुढे नाही, आणि जिच्यापुढे बोलायला हवं होतं त्या तिच्या आईपुढे तर नाहीच. नूरी ही मंगरूळपीरच्या हुसेनभाई पिंजाऱ्यांची बहिरी मुलगी, माझी विद्यार्थिनी. बाप घरात श्वासासाठी तडफडत होता आणि पोरीनं कुणालाच बोलावलं नाही, असं तेव्हा साऱ्या मोहल्ल्यानं ठरवलं आणि तेच पुढे कायम झालं. या अंकाच्या संपादकांनी माझ्याकडे नोकरीतल्या गमती मागितल्या आहेत. गमती आहेत, देतोही. पण त्या सांगून हे लपवायचं तर मी आतापर्यंत करत आलो तेच पुन्हा केल्यासारखं होईल. आता पन्नाशी आली. जन्मभर दुसऱ्यांना बोलायला शिकवलं आणि स्वतः घुम्यासारखा राहिलो, तर एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी माझा धंदा सांगतो, कारण तो काय आहे हे माझ्या सासऱ्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. पन्नास सालानंतरची गोष्ट. आमचा मुलूख तेव्हा मध्यप्रदेशात होता. मी साधा प्राथमिक शिक्षक. मुंबईच्या एका संस्थेत बहिऱ्या-मुक्या मुलांना बोलायला शिकवण्याचा नऊ महिन्यांचा अभ्यासक्रम होता, त्याला कुणालातरी पाठवायचं होतं, आणि बाकीच्या मास्तरांना घरदार होतं. मंगरूळपीरच्या शाळेत परत आलो तो एक आरसा, एक मेणबत्ती, कागदाच्या पट्ट्या आणि जीभ दाबायची एक चपटी पट्टी घेऊन. एवढीच माझी हत्यारं.

मुकं मूल बहुतेक वेळा मुकं नसतंच. त्याचा गळा ठणठणीत असतो, कान बंद असतो. जे ऐकलं नाही ते बोलणार कसं? मग त्याला ते डोळ्यांनी आणि बोटांनी दाखवायचं. 'प' म्हटलं की मेणबत्तीची ज्योत हलते. 'म' म्हटलं की नाकाखाली धरलेल्या आरशावर वाफ धरते. 'ब' म्हणताना गळ्यावर बोट ठेवलं तर आत भुंगा गुणगुणल्यासारखं लागतं. असा एकेक उच्चार कमवायचा, त्याचा शब्द करायचा, आणि शब्द नीट आला की मुलाच्या हातावर एक बत्तासा. बत्ताशांना सरकारी मंजुरी नव्हती, ते खिशातून.

पगार इतर मास्तरांइतकाच, वर दहा रुपये विशेष भत्ता. बढतीचं विचाराल तर माझ्या वर कुणी नव्हतं आणि खालीही नव्हतं. आमचे हेडमास्तर ज्येष्ठतेची यादी करताना म्हणायचे, "तुमचं बरं आहे. पहिले तुम्ही, शेवटचेही तुम्ही. भांडायला माणूसच नाही." पदही कायम नव्हतं. दर मार्चमध्ये एक वर्षाची मुदतवाढ यायची, कधी मे महिन्यात यायची, आणि तोवर मी आहे की नाही हे मलाच माहीत नसायचं.

लग्नाच्या बोलणीला इंझोरीला गेलो, तर भावी सासऱ्यांनी विचारलं, "काय करता जी तुमी?"

"बोलायला शिकवतो."

"कोणाले?"

"ज्यांना येत नाही त्यांना."

त्यांनी पानाचा देठ खुडता खुडता माझ्याकडे नीट पाहिलं. "अन् त्याचे पैसे भेटतात?"

"भेटतात."

"आमच्या घरात सा बाया हायेत. बोलणं बंद कराची एखांदी विद्या असन तं सांगा, पगार मी देतो."

आतून बांगड्या वाजल्या आणि हसण्याचा आवाज आला. त्या हसण्यातलं एक हसू माझ्या बायकोचं होतं, हे तिनं लग्नानंतर सांगितलं. सासऱ्यांनी शेवटी "सरकारी हाये ना? मंग झालं," असं म्हणून मुलगी दिली. पद तात्पुरतं आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. गप्प बसण्याची माझी सवय तशी जुनी आहे.

मला खरी चुरस होती ती शेलूबाजारच्या एका पोपटाशी. तिथल्या एका कासाराचा तो पोपट. मूल उशिरा बोलत असेल तर त्याला पोपटाचा उष्टा पेरू खाऊ घालायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. बाजाराच्या दिवशी कासाराच्या दुकानापुढे आयांची रांग लागायची. पोपट एकेका पेरूला चोच लावून बाजूला सरकवायचा, कासार तो पेरू पदरात टाकायचा, आणि आया बांगड्याही भरून जायच्या. यातली बरीच मुलं चार-सहा महिन्यांत आपसूकच बोलायला लागायची, कारण ती बोलणारच होती. श्रेय पोपटाला. ज्यांना पेरूनं गुण यायचा नाही, ती माझ्याकडे. म्हणजे सोपी मुलं त्याची आणि अवघड माझी. शिवाय त्याला तपासणी नव्हती, मुदतवाढ नव्हती, आणि जेवण कामातच निघत होतं.

मोठी माणसंही कधी कधी यायची. कापसाच्या बाजारातला एक अडत्या फार तोतरा होता. भाव सांगताना पहिल्या अक्षरावरच गाडी रुतायची. चार महिने मी त्याला शब्द लांबवून, श्वास सोडत सावकाश बोलायला शिकवलं. चांगला बोलायला लागला. मी मनात म्हटलं, हा एक तरी पोपटाच्या नाकावर टिच्चून. दिवाळीनंतर तोच तक्रार घेऊन हजर.

"मास्तर, माहं पयलंच बोलणं वापस करा."

"का हो?"

"आधी मी भाव सांगाले अटकलो की समोरचा कास्तकार कटायून सोताच कमी भाव सांगून टाके. आता मी नीट सांगतो तं थो नीट ऐकते, अन् वाढवून मांगते. माहं नुकसान होऊन राह्यलं ना!"

मी त्याला म्हटलं, विसरणं तुमच्या हाती आहे. तो खरंच महिनाभरात विसरला. अशा रुग्णांवर कोण बढती देणार?

तेवढ्यात राज्य बदललं. आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि सगळ्या पदांची फेरतपासणी सुरू झाली. कोणतं पद ठेवायचं, कोणतं मोडायचं, याच्या याद्या निघाल्या. हेडमास्तर म्हणाले, "साहेब स्वतः येणार आहेत. तुमच्या वर्गातलं एखादं पोर चार शब्द बोललं पाहिजे. पोर बोललं तर पद राहील." घरी तेव्हा पहिली मुलगी रांगत होती. मी माझ्या वर्गातल्या सात मुलांकडे पाहिलं आणि नूरीची निवड केली.

नूरी आठ वर्षांची. तिच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तो दिवस अजून डोळ्यांपुढे आहे. पिंजाऱ्याचं घर म्हणजे कापसाचं धुकं. हुसेनभाई पिंजणाच्या धनुष्यासारख्या दांड्याला ताणलेल्या तातीवर लाकडी ठोकळा मारत होते, टँय टँय असा आवाज घुमत होता, आणि कापूस फुलून उडत होता. नवरा-बायको दोघांच्या नाका-तोंडाला फडकं बांधलेलं, कारण नाहीतर तो बारीक कापूस छातीत जातो. तोंड बांधलेलं आणि आवाजानं कान किटलेले, तेव्हा त्या घरात बोलणं चालायचं ते हातांनी. जुना कापूस आण, गिऱ्हाईक आलं, चहा टाक, पुरे झालं आता, सगळं हातांनी. नूरीच्या आजोबांच्याही आधीपासून असंच. त्यामुळे नूरी बहिरी आहे हे त्यांना बरेच दिवस कळलंच नव्हतं. त्या घरात कामाच्या वेळी सगळेच बहिरे आणि सगळेच मुके!

मी बसलो असताना नूरीनं आईला काहीतरी सांगितलं. बोटं अशी भराभर चालली की मला काही समजलं नाही. आई, जैबुनबी, फडक्याआड हसायला लागली.

"काय म्हणते?"

"तुमच्याबद्दल सांगून राह्यली, मास्तरसाब. म्हणते, हा मानूस खाली पाहून चालते, दगड लागला तं दगडालेच सलाम करते."

शाळेपासून घरापर्यंत ती माझ्या मागून आली होती. मी खरंच ठेचकाळलो होतो. आठ वर्षांच्या बहिऱ्या मुलीनं माझी चाल, माझा स्वभाव आणि माझी फजिती असं सगळं सहा-सात इशाऱ्यांत मांडलं होतं. तिच्याजवळ पूर्ण भाषा होती. ते मला त्याच दिवशी दिसलं, आणि दिसल्याबरोबर मी घाबरलो. या मुलीला सगळं सांगता येत असेल तर माझी गरज काय? मुंबईलाही वसतिगृहाच्या मागे मुलं अशीच हातांनी गप्पा मारायची आणि वर्गात मात्र मास्तर त्यांना हात मांडीखाली दाबून बसवायचे. हात चालले की तोंड आळशी होतं, असं आम्हाला शिकवलं होतं. मी ते मानलं. मानणं माझ्या सोयीचं होतं.

मी जैबुनबींना सांगितलं, "आजपासून हातांनी बोलणं बंद. तिनं इशारा केला तर तिकडे पाहायचंच नाही. तोंडानं मागितलं तरच द्यायचं. आणि तिला ओठ दिसले पाहिजेत, म्हणून घरात तोंडाला फडकं बांधायचं नाही."

हुसेनभाई माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठे, मोठे मिस्कील. म्हणाले, "कामावर असतानाबी नाई?"

"ती घरात असेल तेव्हा नाही."

"म्हंजे पोट्टीच्या तोंडातून बोल निघाव म्हणून मी माह्या तोंडात कापूस भरू?" असं म्हणून हसले, आणि फडकं सोडून खुंटीला टांगलं. मुलगी बोलेल म्हटल्यावर त्यांनी दुसरा प्रश्न विचारला नाही.

नूरी झपाट्यानं शिकली. तातीवर हात ठेवून तिचा थरथराट घ्यायची तिला लहानपणापासून सवय, त्यामुळे गळ्यातला 'ब' तिला एका दिवसात कळला. सहा महिन्यांत आई, पाणी, पाय, आंबा असे चार शब्द झाले. हुसेनभाई मला रस्त्यात अडवून म्हणाले, "मास्तरसाब, तुमची पगार किती?" मी सांगितला. ते बोटं मोजत बसले. "सा महिन्यात चार शबद. सरकारले एक शबद लय महागात पडून राह्यला. इतक्यात तं बकरी येते." आणि खोकत खोकत हसले. तो खोकला मी ऐकला होता. त्या महिन्याच्या अहवालात मी लिहिलं, 'पालकांचे सहकार्य उत्तम.'

पाचवा शब्द 'बाबा' ठरवला होता. तो तिला सुटा सुटा यायचा, जोडून येत नव्हता. साहेब पुढच्या आठवड्यात येणार होते.

त्या दिवशी दुपारची सुटी झाली होती. मी वर्गात एकटाच, भिंतीवर लावायचा तक्ता रंगवत बसलो होतो. नूरी धावत आत आली. पायात काही नाही, केसांत कापूस. येऊन तिनं हातांनी सांगायला सुरुवात केली. मूठ छातीवर आपटली, बोटं उघडली, हात खाली पाडला. पुन्हा तेच. माझी बाही ओढली. मी काय केलं? मी तिचे दोन्ही हात धरले आणि बाकावर दाबून ठेवले.

"हात नाही. तोंडानं."

ती धडपडली. मी एका हातानं आरसा तिच्यासमोर धरला आणि माझे ओठ दाखवले. ती माझ्याकडे पाहत राहिली. मग तिनं श्वास घेतला आणि म्हणाली, "बाबा."

स्वच्छ. जोडून. मी उडालोच. "पुन्हा?" ती पुन्हा म्हणाली, "बाबा! बाबा!" आणि दाराकडे बोट दाखवायला लागली. मला वाटलं, पोरीला बापाला जाऊन दाखवायचं आहे. मी तिची पाठ थोपटली, तिच्या हातावर बत्तासा ठेवला आणि 'जा, बाबांना सांग' अशा अर्थानं मानेनंच दाराकडे खूण केली. ती क्षणभर बत्ताशाकडे आणि मग माझ्याकडे पाहत उभी राहिली, आणि निघून गेली. मी पुन्हा तक्ता रंगवायला बसलो. शीळ घालत होतो, हेही आठवतं.

उच्चार मी ऐकला. मुलगी काय म्हणते आहे ते ऐकलं नाही.

तासाभरानं मोहल्ल्यातून ओरडा आला. जैबुनबी गाद्या पोहोचवायला गेल्या होत्या. परत येऊन पाहतात तर हुसेनभाई पिंजणाखाली आडवे, तोंड निळं, छाती भात्यासारखी. मी पोचलो तेव्हा लोक त्यांना खाटेवर घालून दवाखान्यात नेत होते. नूरी उंबऱ्यावर बसली होती. जैबुनबींनी तिची मूठ उघडली, तर आत विरघळलेला बत्तासा.

"अवं माय!" त्यांनी पोरीच्या थोबाडीत मारली. "शेजारी कोणाले तं वढून आणाचं होतं! बाप मरून राह्यला अन् तू बत्तासे खाऊन राह्यली?"

मारलेलं कळायला कान लागत नाहीत. नूरी उठली, तिनं हात वर केले आणि सांगायला लागली. शाळेकडे बोट केलं. मग माझ्याकडे बोट केलं. जैबुनबींनी झटकन तोंड फिरवलं आणि तिचे हात खाली दाबले.

"पाहा ना मास्तरसाब, पुन्हा हात! तुमी सांगतलं ना, तिकडे पाहाचं नाई म्हणून? मी नाई पाहात. पण तोंडानं काहून नाई सांगतलं तिनं कोणाले?"

त्या वेळी एक वाक्य पुरेसं होतं. मी ते बोललो नाही. साहेब पाच दिवसांवर आले होते, हे माझ्या मनात त्या वेळीही होतं. मी म्हणालो, "लहान आहे, घाबरली असेल." आणि खाटेमागे दवाखान्यात गेलो, म्हणजे मी मदत केली असंही दिसलं.

डॉक्टरांनी जैबुनबींना झापलं. थोडं आधी आणलं असतं तर इतकं झालं नसतं, म्हणाले. फडकं न बांधता कापसात काम कोण करतं, असंही म्हणाले. जैबुनबींनी माझं नाव घेतलं नाही. हुसेनभाई वाचले, पण पिंजण पुन्हा हातात धरता आलं नाही. मी भेटायला गेलो तेव्हा धापा टाकतच म्हणाले, "मास्तरसाब, पोट्टी... बाबा म्हणते का आता? मले म्हणून... नाई दाखवलं."

"म्हणते," मी म्हणालो.

साहेब आले. नूरीला मी पुढे उभं केलं. आई म्हणाली, पाणी म्हणाली, पाय म्हणाली, आंबा म्हणाली. पाचव्या शब्दासाठी मी ओठ दाखवले, तर तिनं तोंड मिटून घेतलं. मी पुन्हा दाखवले. तिनं डोळेच मिटले. साहेब खूश होते, म्हणाले, "चार पुरेत, चार पुरेत. चमत्कार आहे!" माझं पद कायम झालं. नव्या राज्याची वेतनश्रेणी मिळाली, भत्ता वाढला, आणि पुढे मी जिल्ह्याच्या शाळेत याच कामाचा प्रमुख झालो. माझ्या हाताखाली दोन शिक्षक आले. मुक्यांच्या मास्तराला भवितव्य नसतं म्हणतात, मला मिळालं.

नूरी पुन्हा शाळेत आली नाही. वर्षभरात ते कुटुंब धनजला, जैबुनबींच्या भावाकडे गेलं. हुसेनभाई तिथे बसल्या बसल्या गाद्या शिवायचे. काही वर्षांनी गेले. ते मला तिऱ्हाइताकडून कळलं.

पुढे माझ्या हाताखालच्या शिक्षकांना मी मुलांचे हात दाबू देत नसे. कारण विचारलं तर, माझा अनुभव आहे, एवढंच सांगत असे.

तीन वर्षांपूर्वी शेलूबाजारला जीपची वाट पाहत उभा होतो. समोर भाजीवालीपाशी एक बाई हातांनी भांडत होती. हसत, डोळे मोठे करत, भावावरून असं काही सुनावत होती की भाजीवाली पोट धरून हसत होती आणि जास्तीची वांगी टाकत होती. कडेवर मूल होतं, तेही एक हात हलवून आईला काही सांगत होतं. मी ओळखलं. तिनंही मला ओळखलं. माझ्याकडे नजर गेल्याबरोबर तिचे हात थांबले, आणि तिनं ते ओढणीखाली नेले. मुलाचा हातही तिनं हळूच धरून खाली घेतला.

मी रस्ता ओलांडायला हवा होता. जीप आली, मी बसलो.

जैबुनबी धनजला आहेत, थकल्या आहेत, पण आहेत. तुमच्या मुलीनं वेळेवर येऊन मला सांगितलं होतं, मार मला बसायला हवा होता, हे सांगण्याचं देणं मी त्यांचं लागतो. नूरीची माफी मागण्याचंही देणं आहे, आणि ती तिच्या हातांच्या भाषेत मागायला हवी. ती भाषा मी अजून शिकलेलो नाही.